नाट्यसंगीत पडद्यावर जाते तेव्हा...

संगीत नाटकाचा चित्रपट झाला की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो. नाटक श्रेष्ठ की चित्रपट? ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन दिवाळीत, प्रदर्शित झाला तेव्हा आपल्या मंडळींतही हा वाद चांगलाच रंगला होता. ज्यांनी वसंतरावांच्या ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षे ऐकल्या होत्या, त्यांचा सूर नाराजीचा होता. ज्यांच्या मुलांनी आयुष्यात प्रथमच एखादे मराठी पद गुणगुणायला सुरुवात केली होती, ते कौतुक करीत होते. दोन्ही पक्षांत तथ्य होते. मात्र हा प्रश्नच मला चुकीच्या जागी उभा केलेला वाटतो. नाटकाचा चित्रपट होताना काय मिळते, काय गमावते आणि जे गमावते ते जपण्याची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांतला तिसरा प्रश्न तर थेट तुमच्या-माझ्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाच विचारलेला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली आणि ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे मराठी माणसाचे संगीत म्हणजे मुख्यतः नाटकातले संगीत होते. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि चित्र बोलू लागले, गाऊ लागले. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार होते आणि त्यातील हरिश्चंद्रही तेच होते. म्हणजे रंगभूमीचे संगीत आपल्या पायांनी चालत चित्रपटात गेले आणि प्रेक्षकही त्याच्यामागून गेले. नाटक कंपन्यांचे बिऱ्हाड मोठे आणि कर्जे त्याहून मोठी. त्यांना हा धक्का सोसला नाही.

या संक्रमणातला सर्वांत बोलका प्रसंग बालगंधर्वांचा आहे. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. पुढे १९३७ साली त्यांच्या ‘अमृतसिद्धी’ या नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट निघाला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, आणि मीरेच्या भूमिकेत स्वतः बालगंधर्व. हा चित्रपट चालला नाही. गळा तोच होता, पदे तीच होती, भक्तीही तीच होती. मग बिघडले कुठे? रंगभूमीवर प्रेक्षक आणि नट यांच्यात एक अलिखित करार असतो. पन्नाशीकडे झुकलेला पुरुष शालू नेसून समोर आला, की प्रेक्षक त्याच्या वयाकडे पाहत नाही; तो सूर ऐकतो आणि उरलेली मीरा स्वतःच्या मनात रचतो. कॅमेऱ्याला हा करार मान्य नसतो. तो जवळ जातो आणि जे आहे तेच दाखवतो. जी गोष्ट पंधराव्या रांगेतून अलौकिक वाटत होती, ती पडद्यावर केवळ विजोड वाटली. नाटक जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर मांडले तर ते नाटकही राहत नाही आणि चित्रपटही होत नाही, हा धडा मराठी माणसाला त्या वेळीच मिळाला होता.

परदेशातला अनुभव याच निष्कर्षाची दुसरी बाजू दाखवतो. ‘द साऊंड ऑफ म्युझिक’ हे संगीत नाटक १९५९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि १९६५ साली त्याचा चित्रपट झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी नाटकातली तीन गाणी सरळ वगळली. गीतकार हॅमरस्टाइन १९६० साली निवर्तले होते, म्हणून संगीतकार रॉजर्स यांनी शब्द आणि चाल दोन्ही स्वतः रचून दोन नवी गाणी दिली. त्याहून लक्षणीय बदल जागांचा होता. आवडत्या वस्तूंची यादी सांगणारे ते प्रसिद्ध गाणे नाटकात मठामध्ये, मारिया आणि मठाच्या प्रमुख साध्वी यांच्या तोंडी आहे. चित्रपटात तेच गाणे वादळी रात्री, विजांना घाबरून मारियाच्या खोलीत आलेल्या मुलांसाठी गायले जाते. शब्द बदलले नाहीत, पण त्या गाण्याला भेदरलेल्या मुलांचा आधार होण्याचे नवे काम मिळाले. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला तो बदल विशेष भावतो. घाबरलेल्या मुलाला उपदेशापेक्षा आवडीच्या गोष्टीकडे वळवणे अधिक उपयोगी पडते, हे आपण रोज अनुभवतो.

याच कसोटीवर आता ‘कट्यार’ पाहू. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. ज्या काळात संगीत नाटक संपले असे म्हटले जात होते, त्या काळात या नाटकाने त्याला नवे आयुष्य दिले. चित्रपटाचे दिग्दर्शक सुबोध भावे यांनी २०१० साली याच नाटकाचे पुनरुज्जीवन रंगमंचावर केले होते. त्यात राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे सदाशिव. तेव्हा चित्रपट करणारा माणूस नाटकाच्या बाहेरचा नव्हता. नाटकाची शिवण कुठे आहे आणि ती कुठे उसवायची, हे त्याला ठाऊक होते.

चित्रपटाने काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे दोन गायकांच्या नात्याला भूतकाळ दिला. पंडितजी आणि खाँसाहेब यांची भेट, त्यांचा स्नेह, आणि मग पराभवामागून पराभव पचवताना खाँसाहेबांच्या मनात साठत गेलेला विखार आपल्याला डोळ्यांनी दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी रचना. त्यांपैकी ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिषेकीबुवांच्या शिष्याने नव्या संगीतकारांची रचना गावी आणि ती अभिषेकीबुवांच्या पदांशेजारी अवघडल्यासारखी न वाटता बसावी, ही साधी गोष्ट नव्हे. तिसरी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पोहोच. माझ्या दवाखान्यात त्या हिवाळ्यात एक सहा वर्षांची मुलगी तपासणीच्या टेबलावर पाय हलवत ‘सूर निरागस हो’ म्हणत होती. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि अंगणात गुजराती बोलणारी ही मुलगी. तिच्या आजीने आयुष्यभर केलेल्या प्रयत्नांना जे साधले नाही, ते एका चित्रपटाने अडीच-तीन तासांत साधले. याबद्दल कृतज्ञ न राहणे हा कोतेपणा ठरेल.

आता दुसरी बाजू. वसंतराव खाँसाहेब म्हणून रंगमंचावर उभे राहत तेव्हा अभिनय करणारा आणि गाणारा माणूस एकच असे. क्रोध ज्या छातीत भरून येई, तान त्याच छातीतून निघे. चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आहे आणि गळा राहुल देशपांडे यांचा. दोघांनीही आपापले काम मनापासून केले आहे. पण श्वास दोन माणसांचे आहेत. आम्हा बालरोगतज्ज्ञांना मुलाच्या चेहऱ्याआधी त्याच्या छातीकडे पाहण्याची सवय असते. शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजल्याशिवाय आम्ही न्यूमोनियाबद्दल बोलत नाही. ही सवय मला चित्रपटगृहातही सोडत नाही. कानांवर तिन्ही सप्तकांत फिरणारी तान येते आणि डोळ्यांना मात्र शांतपणे वर-खाली होणारी छाती दिसते, तेव्हा मनात कुठेतरी विश्वास ढळतो. याच चित्रपटात शंकर महादेवन पंडितजी म्हणून स्वतः दिसतात आणि स्वतःच गातात. अभिनेता म्हणून ते नवखे. तरीही त्यांच्या गाण्याच्या प्रसंगांत एक वेगळे सत्य आहे. गळ्याच्या शिरा, स्वर लावण्यापूर्वीचा क्षणभराचा थांबा, समेवर येताना मिटणारे डोळे या गोष्टी कोणत्याही दिग्दर्शकाला शिकवता येत नाहीत.

ही अडचण केवळ आपली नाही. ‘माय फेअर लेडी’ नाटकात जूली अँड्र्यूज स्वतः गात असे. १९६४ च्या चित्रपटात ती भूमिका ऑड्री हेपबर्नकडे गेली आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने पडद्याआडून गायली. पुढे २०१२ च्या ‘ले मिझराब्ल’ या चित्रपटात दिग्दर्शक टॉम हूपर यांनी उलटा मार्ग धरला. नटांनी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायचे नाहीत, चित्रीकरण चालू असताना प्रत्यक्ष गायचे. साथीचा पियानो त्यांच्या कानांत ऐकू येई. काही नटांचे स्वर त्यात कच्चे पडले, पण हुंदका आणि सूर एकाच श्वासातून आले. हॉलीवूडसारख्या श्रीमंत उद्योगाला जे परत मिळवण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, ते आपल्या संगीत नाटकात प्रत्येक प्रयोगाला, एखाद्या तालुक्याच्या गावीसुद्धा, सहज घडत होते.

दुसरे नुकसान काळाचे आहे. नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन गायकींत येते: पंडितजींच्या संथ, चिंतनशील वळणाने आणि खाँसाहेबांच्या चपळ, आक्रमक फिरतीने. एकाच शब्दांतून दोन स्वभाव उभे करण्याची ही योजना अप्रतिमच आहे, आणि चित्रपटानेही ती सांभाळली आहे. परंतु रंगमंचावर हे पद आज जसे झाले तसे उद्या होत नसे. गायकाची प्रकृती, तबलजीची लहर, समोरच्या श्रोत्यांची तयारी यांवर ते वाढे किंवा आवरते घेतले जाई. श्रोत्यांनी ‘वन्स मोअर’ म्हटले की नाटक थांबे, मेलेले पात्रसुद्धा उठून पुन्हा गाई अशी थट्टा होई. पण त्या थट्टेमागे एक मोठी गोष्ट होती. पद कसे व्हावे यात श्रोत्याचाही वाटा होता. चित्रपटातले गाणे शंभराव्या वेळीही तेच असते. त्याला दाद दिली तरी ते वाढत नाही. ते पूर्ण झालेले असते, आणि पूर्ण झालेल्या गोष्टीत आपल्याला भर घालता येत नाही.

तिसरे नुकसान आशयाचे आहे आणि ते मला अधिक गंभीर वाटते. मूळ नाटकाचा गाभा सूडाचा नाही. एका घराण्याने आपली गायकी दुसऱ्यापासून राखून ठेवावी का, शिकून मिळते ती विद्या आणि त्यापलीकडे उमलते ती कला, यांतले नाते काय, हा तेथील वाद आहे. सदाशिव खाँसाहेबांच्या हवेलीत ओळख लपवून नोकर होतो, पडेल ते काम करतो आणि दाराआडून गायकी टिपतो. आपल्या व्यवसायातल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. निवासी डॉक्टर म्हणून आपणही कित्येक गोष्टी कोणी शिकवल्या म्हणून नव्हे, तर वरिष्ठांच्या हाताकडे टक लावून पाहिल्या म्हणून शिकलो. ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न वैद्यकाला परका नाही. चित्रपटात हा वाद आहे, परंतु तो दुष्कृत्य, अपराध आणि प्रायश्चित्त यांच्या गदारोळात मागे सरकतो. रंगमंचावर माणसे बसून गायकीबद्दल बोलत आणि प्रेक्षक ते रंगून ऐकत. पडद्याला सतत काही घडावे लागते. म्हणून खाँसाहेबांचा अहंकार, जो प्रत्येक गुणी माणसात थोडाफार असतो, तो तेथे खलनायकीकडे झुकतो, आणि आपण ‘हा मी नव्हे’ असे म्हणून सुटतो. नाटक आपल्याला इतक्या सहजपणे सोडत नव्हते.

चित्रपटाच्या यशाचे सूत्र हाती लागले असे वाटावे, तर २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘संगीत मानापमान’ने तोही भ्रम दूर केला. दिग्दर्शक तेच, संगीतकार तेच, आधाराला काकासाहेब खाडिलकरांचे १९११ चे मातब्बर नाटक. कथेत भरपूर बदल केले, दृश्ये भव्य केली. तरी ‘कट्यार’ला मिळाले तसे लोकांचे प्रेम त्याला लाभले नाही. माझ्या मते याचे कारण असे की ‘कट्यार’मध्ये गाणे हीच कथा आहे; पात्रे गायक आहेत, त्यांचे भांडण गाण्याचे आहे, त्यामुळे पडद्यावर कोणी गाऊ लागले तर ‘हा आता का गातो’ असे विचारावे लागत नाही. ‘मानापमान’मधला धैर्यधर सेनापती आहे. त्याने गावे हा रंगभूमीचा संकेत आहे, आणि तो संकेत कॅमेऱ्याला पटवणे फार कठीण. म्हणजे प्रत्येक संगीत नाटक चित्रपटाच्या होडीतून पैलतीराला जाईलच असे नाही. जी जाणार नाहीत त्यांना रंगमंचावाचून दुसरा आसरा नाही.

आता आपल्या वडोदऱ्याकडे येऊ. विश्रामपूर हे दारव्हेकरांच्या कल्पनेतले संस्थान. आपले शहर मात्र दरबारी गवयांचे खरेखुरे संस्थान होते. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा येथे सुरू झाली, १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथे भरली, उस्ताद फैयाज खाँ येथल्या दरबाराचे गायक होते आणि १९५० साली येथेच पैगंबरवासी झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्येने तर बडोदेकर हेच आडनाव लावले. त्या हिराबाई बडोदेकरांनी, स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या काळात, स्वतः रंगमंचावर येऊन सुभद्रा साकारली. गंधर्व नाटक मंडळीलाही बडोदे सरकारचा आश्रय होता. सयाजीराव महाराजांनी जे खजिन्यातून केले, ते आज कोणी करायचे? सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण आपल्या शहरात मराठी समाज आहे, नाट्यगृह आहे, आणि आपल्या मंडळात वर्षाला एक प्रयोग पेलण्याइतकी ऐपत निश्चित आहे.

यावर काही आक्षेप मी वेळोवेळी ऐकले आहेत. पहिला असा, की खर्च परवडत नाही. वार्षिक संमेलनाच्या एका रात्रीच्या भोजनाचा आणि सजावटीचा हिशेब मांडून पाहिल्यास हा आक्षेप फार टिकत नाही. दुसरा असा, की तरुण पिढी येत नाही. ती येत नाही, कारण आपण तिला थेट तीन अंकी नाटकाला बोलावतो. आधी चित्रपट दाखवावा. मराठी कच्चे असलेल्या मुलांना पडद्यावरची कथा सहज कळते. मग महिन्याभराने त्याच नाटकातला एखादा प्रवेश आणि चार-सहा पदे, ऑर्गन किंवा पेटी आणि तबल्याच्या साथीने, ध्वनिमुद्रित ट्रॅकशिवाय, त्यांच्यासमोर प्रत्यक्ष व्हावीत. मुलांना पहिल्या रांगेत बसवावे. गायकाचा श्वास कुठे तुटतो, तो कुठे सावरतो, तबलजीकडे पाहून कुठे हसतो हे त्यांना दिसू द्यावे. चित्रपटाने ओळख करून दिलेले पद समोर, आपल्या डोळ्यांदेखत, थोडे वेगळे घडताना पाहिले की मूल आपोआप विचारते, ‘हे तसे का नाही?’ त्या प्रश्नापासूनच रसिकपणाची सुरुवात होते.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: आता पूर्वीसारखे गाणारे नट आहेत कुठे? थोडे आहेत, पण आहेत. आणि श्रोता असेल तरच ते राहतील. मागणीवाचून एखादे औषध बाजारातून नाहीसे होते, तेव्हा त्याची गरज संपली असा अर्थ होत नाही, हे आपण डॉक्टरांनी तरी विसरू नये.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. ‘कट्यार’ चित्रपट जरूर पाहावा, पुन्हा पाहावा, मुलांना दाखवावा. पण चित्रपट आला म्हणजे नाटक जतन झाले, अशी स्वतःची समजूत करून घेऊ नये. चित्रपटाने नाटकाची चिठ्ठी लिहून दिली आहे. ती घेऊन नाट्यगृहापर्यंत जाण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे. येत्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत मंडळाच्या कार्यकारिणीने अशा एका संध्याकाळीसाठी तारीख राखून ठेवावी, ही या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी आग्रहाची विनंती. त्या संध्याकाळच्या खर्चातला माझा वाटा मी आजच कबूल करतो.